रॉकरोझच्या बुंध्याचा नमुना

एकतीस वर्षं परक्या लोकांची लघवी आणि विष्ठा तपासून लॅबबाईंना जी किळस कधी आली नाही, ती नणंदेला दुधावरची साय बोटाने उचलताना पाहून आली.

बोट आधी सायीखाली सरकायचं, मग आकड्यासारखं वाकायचं, साय त्याच्यावर ओल्या फडक्यासारखी लोंबायची. ती पेल्यात सोडून झाली की बोट तोंडात. चोखून स्वच्छ झालं, असं समजून तेच बोट मधाच्या बरणीत. बाई दारात उभ्या राहून हे सगळं बघायच्या आणि मनात नोंद करायच्या: आज तीनदा. काल चारदा. काचेच्या बाटलीत झाकण लावून आलेली विष्ठा परवडली. तिच्यावर निदान नाव, वय आणि तारीख असते, आणि ती कुणाला प्रेमाने भरवायची नसते.

गल्लीत त्यांना सगळे लॅबबाईच म्हणत. तपासणी प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण सवयी निवृत्त झाल्या नव्हत्या. भाजीवाल्याकडे टोमॅटोसुद्धा त्या उजेडासमोर धरून बघत. त्यांचा नवरा म्हणजे मास्तर. शाळेतला नव्हे, गाडी शिकवणारा. बत्तीस वर्षं हा माणूस शिकाऊ लोकांच्या शेजारी बसला, पायाखाली दुसरा ब्रेक ठेवून. त्याची ख्याती अशी की शिकणाऱ्याला कळूच द्यायचा नाही. समोरून ट्रक येतोय, शिकाऊ बाई डोळे मिटून बसल्यात, आणि हा हळूच पाय दाबून म्हणणार, "वा, काय वेळेवर थांबवलीत!" आयुष्यात कुणाला तोंडावर 'नाही' म्हटलं नाही. बाईंना लग्नासाठी होकार दिला तो तरी खरा होता का, अशी शंका त्यांना अधूनमधून यायची.

मास्तरांना बारा वर्षांपासून मधुमेह. गेल्या वर्षी डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवून सांगितलं होतं, "मूत्रपिंडं अजून काम करतायत, पण कुरकुरत. साखर पुन्हा एकदा वर गेली, तर मग मशीनवर न्यायची तयारी ठेवा." त्या दिवसापासून मास्तरांचं ताट बाईंच्या ताब्यात. दर शनिवारी सकाळी एक बोट टोचायचं, त्याहून जास्त नाही, असा दोघांत करार झाला होता. बाईंना रोज टोचायचं होतं. पण मास्तर एकदाच काय ते बोलले होते, "अगं, मी माणूस आहे. नमुना नाही." आणि बोटं खिशात घातली होती.

आणि मग नणंद आली. मास्तरांची थोरली बहीण. "आठ दिवस राहीन म्हणते, वहिनी." हातात चार बॅगा आणि काखेत स्वतःची उशी. आठ दिवसांसाठी येणारं माणूस उशी आणत नाही, हे बाईंनी दारातच ताडलं. त्याला आता तीन महिने झाले होते.

नणंदेबद्दल वाईट बोलणारं माणूस शोधून सापडलं नसतं. हीच तर पंचाईत होती. ती मायाळू होती. तिची माया उतू जायची, आणि उतू गेलेलं पुसायचं काम दुसऱ्याला लागायचं. मांजराला खाऊ घातलं, ते जिन्यात ओकलं. कबुतरांना दाणे टाकले, खिडकीची कड पांढरी झाली. सदुसष्ट वर्षांच्या भावाला ती 'बाळ' म्हणायची आणि जेवण झालं की पुढे होऊन स्वतःच्या ओढणीने त्याचे ओठ टिपायची. त्याच ओढणीने मग घाम. मास्तर ओठ पुढे करून बसायचे. बाईंना ओकारी यायची.

पहिल्याच आठवड्यात दुधाचा प्रश्न निघाला होता.

"वन्सं, त्यांना साखर बंद आहे."

"साखर कुठे घालते मी? मध आहे. आणि हा ग्लुकोजचा डबा. हे तर औषधाच्या दुकानात मिळतं, म्हणजे औषधच की."

"ग्लुकोज म्हणजेच साखर, वन्सं. तीच तर रक्तात मोजतात."

"मोजणाऱ्याला सगळं जास्तच दिसतं, वहिनी," नणंद गोड हसून म्हणाली. "बरं बाई, नाही देत. माझ्यासाठी करते. मला तर नाही ना बंदी?"

त्या दिवसापासून रोज अकराला एक आणि पाचला एक, असे दोन मोठे पेले ती 'स्वतःसाठी' करू लागली. बरोबर अकराला बाई आंघोळीला जात आणि बरोबर पाचला भाजी आणायला बाहेर पडत, हा योगायोग बाईंच्या नजरेतून सुटला नव्हता.

"पाजते का ती तुम्हाला?" त्यांनी मास्तरांना विचारलं होतं.

"एक थेंब पोटात गेलेला नाही. तुझी शपथ."

"माझी कशाला? स्वतःची घ्या."

"स्वतःची घेतो."

शनिवारचे आकडे बरे येत होते. पण शनिवारचं काय घेऊन बसलात? परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करणारी पोरं असतात, तसा शुक्रवारी कोरडा राहणारा मधुमेहीही असतो. बाईंनी असे शेकडो पाहिले होते. शिवाय त्या पेल्याचा इतिहास त्यांना तोंडपाठ होता. लहानपणी घरात दोन पोरांत दोन पेले दूध यायचं, आणि भाऊ अशक्त म्हणून ताईने आपल्यातलं अर्धं त्याला दिलं. सलग अकरा वर्षं. हा अर्धा पेला नणंदेने पाहुण्यांना सांगितला होता, शेजाऱ्यांना सांगितला होता, आणि मागच्या महिन्यात विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही सांगितला. दर वेळी मास्तर मान खाली घालून ऐकायचे. असल्या बहिणीला हा माणूस 'नको' म्हणेल? तो ट्रकला म्हणाला नव्हता.

या सगळ्यातून उठून बाई मागच्या अंगणात जायच्या, कारण तिथे रॉकरोझ होता.

भूमध्य समुद्राच्या काठी, खडकाळ उतारांवर, उन्हात होरपळत वाढणारं हे झुडूप. प्रयोगशाळेतल्या रक्तविभागातल्या मैत्रिणीने निवृत्तीच्या दिवशी त्याच्या तीन काड्या ओल्या कागदात गुंडाळून दिल्या होत्या. दोन मेल्या, एक जगली. दक्षिणेकडच्या भिंतीला लागून, मुरूम आणि वाळू घालून केलेल्या उंचवट्यावर बाईंनी ती लावली. पहिलं वर्षभर काय ते मोजून पाणी. नंतर नाही. खत तर कधीच नाही. ह्या झाडाला लाड सोसत नाहीत. ओल राहिली की मुळं कुजतात, खत घातलं की नुसतंच भसाभस वाढून कोलमडतं, आणि जुन्या लाकडापर्यंत छाटलं तर पुन्हा फुटत नाही. उन्हं तापली की पानांतून चिकट डिंक पाझरतो आणि सगळ्या अंगणाला कोमट राळेचा वास येतो. फूल तळव्याएवढं, पांढरं, इस्त्री न केलेल्या पातळ कागदासारखं चुरगळलेलं, आणि प्रत्येक पाकळीच्या तळाशी एक काळपट लाल डाग. सकाळी उमलतं, दुपारी गळतं. कुणी बघो न बघो, त्याला पर्वा नाही.

बाईंना ते झाड आवडायचं ते याचसाठी. आयुष्यभर त्यांनी अशाच गोष्टी हाताळल्या होत्या ज्या कुणाच्या तरी शरीरातून कशाची तरी तक्रार घेऊन आल्या होत्या. हे पहिलंच असं काही होतं जे म्हणायचं, मला काही नको, तू जा. जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर त्या फुलं मोजून लिहीत. दुसऱ्या वर्षापर्यंत शून्य. तिसऱ्याला सात. चौथ्याला अडतीस. गेल्या वर्षी एकशे बारा. यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांनी कळ्या मोजल्या तेव्हा दोनशेचा आकडा ओलांडला होता, आणि त्या दिवशी त्यांनी मास्तरांना चहासोबत एक बिस्किट जास्त दिलं होतं. बिनसाखरेचं.

नणंदेने झाडाला एकदाच हात लावला होता. बोटं एकमेकांना चिकटली तशी ती किंचाळली. "शी! किती चिकट आहे गं हे! आणि हे काय, तहानेने मारतेयस का त्याला? बघ कसं बघतंय." मग ती बोटं चोखायला निघाली आणि कडू लागल्यावर थुंकली. बाईंनी तेवढ्यापुरतं झाडाला मनातल्या मनात शाबासकी दिली. चिकटपणाबद्दल ह्या बाईने बोलावं म्हणजे कमाल होती.

आणि आता तेच झाड मरत होतं.

आधी खालची पानं पिवळी पडली. मग वरची मलूल झाली, उन्हात चकाकणारा डिंकाचा थर दिसेनासा झाला. कळ्या उमलण्याआधीच टपटप गळू लागल्या. एका सकाळी त्यांनी पडलेल्या कळ्या वेचून मोजल्या, एकोणनव्वद. कोरड्या हंगामात, दोन महिने आभाळातून थेंब नसताना, हे झाड ओलीने मेल्यासारखं मरत होतं.

साडेअकराला आंघोळ उरकून त्या खुरपं घेऊन बसल्या. बुंध्याजवळचा मुरूम वरून सारखा दिसत होता, पण खुरपं टेकताच खालून काळी, बुळबुळीत, ओली माती वर आली. तिच्याबरोबर एक वास आला. आंबट, नासका, उबट. मातीत पांढुरक्या पापुद्र्यासारखं काहीतरी पसरलं होतं, त्यात तांदळाएवढ्या अळ्या वळवळत होत्या, आणि भिंतीच्या फटीतून मुंग्यांची एक जाड, काळी, कामसू रांग थेट बुंध्यापर्यंत लागली होती. मुळाला बोट लावलं तर साल हातात आली, शिजलेल्या बटाट्याची यावी तशी.

मुंग्या बघून बाईंचा हात थांबला. लघवीला मुंग्या लागतात त्या कधी लागतात, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

त्यांनी चमचाभर माती स्वच्छ बाटलीत घेतली. तुलनेसाठी अंगणाच्या दुसऱ्या टोकाची चमचाभर. दोन्हींत सारखं शुद्ध पाणी घातलं, ढवळलं, गाळणकागदातून गाळलं. कपाटात ठेवलेल्या डब्यातून लघवी तपासायच्या दोन पट्ट्या काढल्या. अशा पट्टीवर दहा चौकटी असतात, एकेक चौकट एकेका गोष्टीला रंग बदलते. बुडवली, झटकली, घड्याळ लावलं. दुसऱ्या टोकाच्या मातीला एकही चौकट बदलली नाही. बुंध्याच्या मातीला तिसाव्या सेकंदाला साखरेची चौकट हिरवी झाली, मग तपकिरी. साठाव्या सेकंदाला प्रथिनांची चौकट पिवळ्याची हिरवी, हिरव्याची निळसर.

साखर चार अधिक. प्रथिनं तीन अधिक.

बाई स्टुलावर बसल्या. साखर म्हणजे रक्तातली साखर ओसंडून वाहतेय. आणि प्रथिनं म्हणजे मूत्रपिंडाची चाळणी फाटली. एकतीस वर्षांत अशी पट्टी त्यांनी हजारदा वाचली होती आणि कागदावर आकडे लिहून पुढच्या बाटलीकडे वळल्या होत्या. ह्या बाटलीवर नाव नव्हतं, पण ती कुणाची हे सांगायला नाव कशाला हवं? घरात असा पुरुष एकच होता जो रोज अकराला 'जरा उन्हाला' म्हणून अंगणात जायचा.

म्हणजे दूध पितो. शपथ खोटी घेतो. आणि घरात दोन संडास असताना माझ्या झाडावर मुततो.

आधी भीती वाटली, मग राग आला, आणि मग ह्या दोघांच्या वर चढून ती जुनी ओळखीची मळमळ बसली. तिच्यात तिन्हींचे वाटे होते: चोखलेल्या बोटाचा, पुढे केलेल्या ओठांचा, आणि झुडपाआड उभ्या राहिलेल्या त्या पाठीचा.

दुपारी जेवताना त्यांनी विचारलं, "दिवसातून लघवीला किती वेळा जाता?"

"अगं, जेवतोय मी."

"जेवताना मोजता येत नाही का?"

"बाळाला सुखाने जेवू दे गं," नणंद म्हणाली आणि भावाच्या मिशीतलं शीत उचलून ताटाच्या कडेला ठेवलं.

"मागे अंगणात काय करता रोज?" बाईंनी विचारलं.

मास्तरांचा घास तोंडाशी थांबला. त्यांनी आधी बहिणीकडे पाहिलं, मग ताटाकडे. "ऊन घेतो. डॉक्टर म्हणाले होते ना, हाडांना..."

"मला आत्ताच्या आत्ता नमुना हवाय. बाटलीत."

"शनिवारी," मास्तर म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

चोराच्या मनातलं चांदणं बाईंना त्या एका शब्दात लख्ख दिसलं. त्यांनी पुढे वाद घातला नाही. नमुना मागून मिळत नसेल तर तो जिथे सांडतो तिथे घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी बरोबर अकराला त्या टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीघरात गेल्या. नळ जोरात सोडला, दार बाहेरून ओढून घेतलं, आणि अनवाणी मागच्या खोलीच्या खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. हातात झाकण उघडलेली नमुन्याची बाटली.

स्वयंपाकघरातून चमचा पेल्यावर आपटल्याचा आवाज आला. मग नणंदेचं कुजबुजणं, "घे बाळ, पटकन. ती आत आहे तोवर." मग मास्तर मागच्या दारातून बाहेर आले. चार पावलं चालले. रॉकरोझच्या मागे, भिंतीकडे तोंड करून, पाठ घराकडे ठेवून उभे राहिले. मान डावीकडे, मान उजवीकडे. कोपर पुढे आलं. आणि झाडाच्या बुंध्याशी बारीक धार पडल्याचा आवाज आला.

बाई दारातून सुटल्या त्या थेट झाडापाशी. "थांबा! थांबू नका! मधल्या धारेचा नमुना हवाय!"

मास्तर गर्रकन वळले. विजार नीट होती. हातात पेला होता, तिरका धरलेला, आणि त्यातून दुधाची, मधाने दोरीसारखी झालेली शेवटची धार मुरमावर ओघळत होती. साय काठाला चिकटून लोंबत होती. मुंग्या स्वागताला आल्याच होत्या.

न्हाणीघरातला नळ धो धो वाहत होता.

"रोज?" बाईंनी विचारलं.

"दोन्ही वेळा," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले. "आल्यापासून. मोरीत ओतलं असतं, पण तिथे ती बसलेली असते. सांगितलं होतं ना तुला, एक थेंबही पोटात नाही." मग थोडं थांबून, काहीतरी सांभाळून घ्यावं तसं, "मला वाटलं, तू ह्याला कधी पाणी घालत नाहीस. त्याचंही भागेल."

चौऱ्याण्णव दिवस, रोज दोन पेले, पेल्यात पाव लिटर. बाईंच्या डोक्यात गुणाकार आपोआप झाला. सत्तेचाळीस लिटर दूध, मध आणि ग्लुकोज, अशा झाडाला ज्याला साधं पाणी सोसत नाही. आणि त्याच क्षणी दुसराही हिशेब जुळला. नवऱ्याच्या मूत्रपिंडाची चाळणी फाटलेली नव्हती. ती साखर त्याची नव्हती, ती प्रथिनं त्याची नव्हती. ज्या बाईंनी एकतीस वर्षं नव्या पोरींना पढवलं होतं की नमुना कशाचा आहे हे ठाऊक नसेल तर पट्टी वाचायचीच नाही, त्यांनी गाईच्या दुधावरून नवऱ्याला मशीनवर चढवून ठेवलं होतं. हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीही थोडी शिसारी आली.

"काय झालं गं? कशाला ओरडलीस?"

नणंद दारात उभी होती. तिने वहिनीच्या हातातली बाटली पाहिली, भावाच्या हातातला पेला पाहिला, मुरमावरचा पांढरा ओघळ पाहिला. तिचं तोंड हळूहळू उघडलं. ओढणीचं टोक हातात आलं, पण ते टिपायला समोर कुणाचे ओठ नव्हते.

"ओततोस तू?" ती म्हणाली. "बाळ, ओततोस?"

मास्तरांनी खाली पायाकडे पाहिलं, जणू तिथे दुसरा ब्रेक असायला हवा होता.

पुढचं वाक्य आपल्या तोंडून का आलं, हे बाईंना नंतर कितीही विचार करून कळलं नाही. कदाचित त्या बाईचा चेहरा बघवला नाही म्हणून. चोखलेली बोटं त्यांनी बघितली होती, हे बघायची तयारी नव्हती.

"मीच सांगितलं होतं त्यांना," बाई म्हणाल्या. "झाडाला दूध लागतं. ह्या जातीला. तुमच्या हातचं घट्ट असतं म्हणून म्हटलं थोडं घाला. तुम्हाला विचारायला संकोच वाटला."

नणंदेचं तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं, पण आता ते हसायला. "अगं मग आधी सांगायचं ना! तरी मी म्हणत होते, बिचारं कसं बघतंय. मी वेगळा पेला केला असता!"

आणि दुसऱ्याच दिवशी तिने वेगळा पेला केला.

आता लपवाछपवी उरली नव्हती. अकराला नणंद दोन्ही हातांत दोन पेले घेऊन अंगणात आली. एक झाडाला, एक बाळाला. "वहिनी, तू आपली आंघोळीला जा," असंही म्हणाली नाही, कारण झाडाला परवानगी मिळाली म्हणजे बाळालाही मिळाली, असा तिचा साधा हिशेब होता. पहिला पेला तिने बुंध्याशी ओतला, वाटीभर साय वरून पसरली आणि मुरमावर थोपटून लावली. मग चोखलेलं बोट पेल्याच्या काठावरून फिरवून दुसरा पेला भावापुढे धरला आणि तिथेच उभी राहिली. ओतायला आता जागा नव्हती. झाडाचा वाटा झाडाला मिळाला होता.

मास्तरांनी पेला घेतला. ओठांपर्यंत नेला. बाई खिडकीत उभ्या होत्या. त्यांनी खोकलासुद्धा काढला नाही. वर्षभर त्यांनी ह्या माणसाचं ताट, बोट, रक्त सगळं ताब्यात ठेवलं होतं. पण आत्ता त्यांच्या पायाखाली ब्रेक नव्हता. होता तो त्याच्याच.

"ताई," मास्तर म्हणाले.

"हं, पी."

"ताई, मला नको."

"गार झालंय का? आणते गरम करून."

"गार नाही. मला नको. हे प्यायलो तर मी मरेन." मास्तरांच्या चेहऱ्यावर असा भाव होता, जणू भर रस्त्यात त्यांनी पहिल्यांदाच शिकाऊच्या डोळ्यांदेखत गाडी थांबवली होती. "तू मला अकरा वर्षं अर्धं दिलंस. आता पुरे झालं. खरंच पुरे झालं."

नणंद रडेल असं वाटलं, पण रडली नाही. पेला तिने हातातून काढून घेतला, आत साय हलली. मग ती वळली, झुडपापाशी खाली बसली, आणि दुसरा पेलाही हळूहळू, अजिबात न सांडता, बुंध्याशी ओतला.

"मग हे तरी पिईल," ती झाडाला म्हणाली. "हो ना रे, बाळा?"

मास्तरांनी भिंतीकडे तोंड केलं. बाईंना वाटलं, आता जाऊन सांगावं, वन्सं, दुधाने हे मरतं, तुमच्या मायेने मरतं, तीन महिन्यांत मेलंय. पण ते सांगायचं म्हणजे कालचं खोटं आणि तीन महिन्यांचं खोटं दोन्ही उलगडायचं, आणि त्याने झाड काही परत येणार नव्हतं. मुळं गेली होती. जुनं लाकूड पुन्हा फुटत नाही. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला झुडूप, आणि त्या बाईला कुणाला तरी पाजल्याशिवाय चैन नाही. सरळ वजाबाकी होती. तरीही उत्तर काढताना हात चिकटले.

तेव्हापासून रोज अकराला आणि पाचला रॉकरोझला दोन-दोन पेले मिळतात. अंगणात आता राळेचा वास येत नाही, नासक्या दुधाचा येतो. माश्या येतात. शेजारची मांजर बुंधा चाटून जाते आणि जिन्यात ओकते. नणंद झाडाशी बोलते, वाळलेल्या फांद्या ओढणीने पुसते आणि म्हणते, "जरा सुकलंय, पण अंग धरेल." बाई खिडकीतून बघतात. त्या 'हो वन्सं' म्हणतात.

मेलेल्या बाजूला मान झुकवून उभ्या त्या झुडपाच्या वरच्या अंगाला दोन फांद्या तेवढ्या हिरव्या उरल्या होत्या. त्यांतून बाईंनी वीतभर लांबीच्या बारा काड्या कापल्या, चाळलेल्या वाळूत खोचल्या, आणि प्रत्येकीवर नमुन्याची पारदर्शक बाटली उपडी घातली. तो ट्रे मागच्या खोलीच्या खिडकीत, उजेडात ठेवला. मग जुन्या डब्यातले लाल कडेचे कागद काढून बाराही बाटल्यांवर चिकटवले.

नणंद पेला घेऊन तिथून जाताना थबकली. "हे काय गं, वहिनी? काहीतरी लावलंयस वाटतं? थोडं दूध..."

"लघवीचे नमुने आहेत, वन्सं."

"अगं बाई! कुणाचे?"

"बारा जणांचे. वाढायला ठेवलेत."

नणंदेने ओढणी नाकाला लावली. तिच्या चेहऱ्यावर एक खरी, स्वच्छ किळस पसरली, आणि ती दोन पावलं मागे सरली. "शी, शी, शी! माणसाच्या खिडकीत कुणी असलं ठेवतं का! तुला काही वाटत कसं नाही गं?"

"सवय झाली," लॅबबाई म्हणाल्या आणि रजिस्टर उघडून तारीख घातली. बारापैकी जिवंत: बारा.